घरच्या बांधकाम ठेकेदारीत कामाचा भार आवरेनासा झाला आहे. सुरुवात कोठून करावी?

आपण लिहिले आहे की वडील, धाकटा भाऊ आणि आपण मिळून घरबांधणीचे ठेके घेता, सध्या सहा कामे एकाच वेळी चालू आहेत, रात्री उशिरापर्यंत फोन थांबत नाहीत आणि तरीही प्रत्येक मालक नाराज आहे. अशा वेळी सुपरवायझर नेमावा का, असा आपला प्रश्न आहे. मी सांगली जिल्ह्यात याच धंद्यात आहे आणि आमच्याकडेही कारभार घरच्याच माणसांचा आहे. माझे मत असे की सुपरवायझरचा विचार नंतर करावा. आधी चालू कामांची संख्या कमी करावी. ज्या साइटवर गवंडी रोज येतो, त्या मालकाचा फोन आठवड्यातून एखादा येतो, आणि ज्या साइटवर विटा येऊन पडल्या आहेत पण मुकादम दुसरीकडे गेला आहे, तो मालक दिवसातून तीनदा फोन करतो. आपला दिवस खातात ती ही थांबलेली कामे.

किती कामे एकदम घ्यावीत, याचा अंदाज मनाने बांधू नये. तो सेंटरिंगवरून, म्हणजे ओला स्लॅब खालून धरून ठेवणाऱ्या प्लेटा आणि टेकूंच्या सामानावरून बांधावा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस काढता येत नाहीत. तुळईला हीच मुदत सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस आहे, आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेले सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारून ती आणखी वाढवावी लागते. प्लेटा लावणे, सळई बांधणे आणि भरणी यांचे दिवस त्यात मिळवले, तर एका स्लॅबमागे सेंटरिंगचा एक संच जवळपास महिनाभर अडकतो. आपल्याकडे दोन स्लॅबपुरते सामान असेल, तर एका महिन्यात दोनच घरे स्लॅबच्या टप्प्यावर असू शकतात. तिसरे आले की भाड्याचे सामान आणावे लागते किंवा कोणीतरी थकलेल्या अवस्थेत “काढा तिथले, इकडे लावा” असे सांगून मोकळा होतो. मला सर्वांत जास्त काळजी या दुसऱ्या गोष्टीची वाटते, कारण त्या स्लॅबखाली माणसे काम करत असतात आणि पुढे एक कुटुंब राहणार असते. कामाचा भार वाढल्याचा परिणाम आपल्या झोपेपुरता राहत नाही, तो असा इमारतीत उतरतो, आणि म्हणून कामे कमी करण्याबाबत मी एवढा आग्रही आहे.

सहा कामांपैकी कोणती पुढे न्यावीत, हे ठरवताना ज्यांचा पुढचा हप्ता सर्वांत जवळ आहे, ती आधी निवडा. उरलेल्या मालकांकडे स्वतः जाऊन, शक्यतो वडिलांना बरोबर घेऊन, काम पुन्हा कधी सुरू होईल ती तारीख सांगा आणि ती पाळा. तारखा ठरवताना हंगाम धरून चालावे: जोत्यापर्यंतचे काम जूनच्या आत संपवावे, आतला गिलावा आणि फरशी पावसाळ्यासाठी राखून ठेवावी, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की आमच्या भागात बिगारी मिळणे कठीण होते, हेही हिशोबात धरावे.

घरातली कामाची वाटणी हा खरा नाजूक भाग आहे. बहुतेक घरांत तिघेही सर्व काही पाहतात, म्हणजे सिमेंट दोघे मागवतात आणि मोजमाप कोणीच घेत नाही. वडिलांनी मालक आणि मुकादम यांच्याशी दर ठरवावेत, भावाने साइट सांभाळाव्यात, आणि मोजमाप व बिले आपण घ्यावीत. एकाच्या कक्षेतला निर्णय दुसऱ्याने साइटवर उभे राहून बदलू नये. वडिलांनी तोंडी कबूल केलेले जादा काम, मग ती एक वाढीव खिडकी असो वा लॉफ्ट, त्याच दिवशी दरासह मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावे आणि होकार आल्यावरच हात लावावा. वडिलांना सुरुवातीला हे अविश्वासाचे वाटेल, पण शेवटच्या बिलावरून होणारी कटुता बहुतेक वेळा या न लिहिलेल्या कामांमधूनच येते.

आठवड्यातला एक अर्धा दिवस साइटला न जाता हिशोबासाठी ठेवा. शनिवारच्या खर्चीच्या, म्हणजे मजुरांना आठवड्याचे पैसे देण्याच्या आधी मुकादमाबरोबर मोजमाप झाले, तर खर्ची झालेल्या कामावर दिली जाते आणि आगाऊ दिलेली उचल किती फिटली, हे दोघांनाही दिसते. जीएसटीचे काम सल्लागाराकडे द्यावे. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर विवरणपत्र तीन महिन्यांनी भरण्याची सोय आहे, मात्र पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो, म्हणून खरेदीची बिले दर आठवड्याला त्यांच्याकडे पोचती करावीत.

अनेक घरांत हिशोबाची वही प्रत्यक्षात आई किंवा वहिनी सांभाळत असतात आणि त्यांना कोणी धंद्यातले मानत नाही. आपल्याकडे तसे असेल, तर त्यांना ठरलेला पगार द्या, आणि थकबाकी असलेल्या मालकाचे साहित्य थांबवण्याचा अधिकारही द्या. येणे किती आणि देणे किती, हे घरात त्यांनाच सर्वांत आधी कळते. त्यांचा शब्द वेळेवर ऐकला गेला, तर तिघांची निम्मी धावपळ वाचेल. इतके करूनही साइटवर एका माणसाची उणीव भासली, तर आपल्याच मुकादमाच्या हाताखालचा, नकाशा वाचता येणारा एखादा जुना गवंडी तयार करावा.

राहिला प्रश्न नवीन काम नाकारण्याचा. ओळखीच्या माणसाला वडील नाही म्हणू शकत नाहीत, आणि त्यांनी तसे म्हणावे, असे मलाही वाटत नाही. मालकाचा मुहूर्त असतो, तो सांभाळायलाच हवा. भूमिपूजन त्या दिवशी करा, पण करारात भूमिपूजनाची आणि खोदाईची तारीख वेगवेगळी लिहा, आणि पहिला हप्ता खोदाईच्या आदल्या आठवड्यात घ्या. पैसे हातात घेतले नसल्यामुळे मधल्या काळात त्या कामाचा तगादा तुमच्यामागे लागणार नाही.