मीच एवढी गोंधळलेली, मी कसलं काउन्सेलिंग करणार?

प्रश्न थोडक्यात असा: एमए काउन्सेलिंगचं दुसरं वर्ष, प्रॅक्टिकमला (म्हणजे प्रत्यक्ष सरावाला) ज्युनिअर कॉलेज मिळालंय, अकरावीतल्या एका मुलीचं ऐकून घरी येऊन मीच रडले. माझ्यात काहीतरी कमी आहे असं वाटतं. वीकेंडचे थेरपी कोर्स करू, की बाबा म्हणतात तसं बीएड?

अगं, रडू आलं तर येऊ दे, सुरुवातीला बऱ्याच जणांचं होतं. तू पत्रात सेशन जवळपास शब्दन् शब्द लिहिलंयस ते फार बरं केलंस, कारण खरी अडचण तिथे दिसते. ती म्हणाली "घरी जायलाच नको वाटतं" आणि तू लगेच "असं नको गं बोलू, आईबाबा तुझ्यासाठीच करतात ना सगळं". झालं, पुढचा सगळा वेळ ती युनिट टेस्टच्या टाइमटेबलवर बोलत बसली. "घरी गेल्यावर काय होतं?" एवढं विचारून गप्प बसायचं होतं. पण आपल्याला गप्प बसवत नाही, समोरच्याला धीर दिला की आपल्यालाच जरा बरं वाटतं ना, म्हणून.

आणि "हे मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊन आलीस ते पुढच्या भेटीत आधी दुरुस्त कर. ती १८च्या आतली आहे, उद्या लैंगिक अत्याचाराचं काही बाहेर आलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, जिवाला धोका वाटला तरी मोठ्यांना सांगावं लागतं. या मर्यादा पहिल्याच भेटीत, तिला कळेल अशा भाषेत सांगायच्या असतात. "घरी नको वाटतं" यामागे काय आहे हे तुला अजून माहीत नाहीये, म्हणून ते सेशन या आठवड्यातच सुपरव्हायझरना दाखव, सबमिशनची वाट बघू नकोस. मॅडम सह्या करून जर्नल परत देतात म्हणतेस, तर सरळ अर्धा तास मागून घे, तो तुझा हक्कच आहे, आणि त्यांना म्हण, "बघा ना, इथे मी का घाबरले?" स्वतःबद्दल जे कळायचं ते तिथेच कळतं.

वीकेंड कोर्सचं म्हणशील तर आत्ता पैसे घालू नकोस. दोन दिवसांत 'सर्टिफाइड थेरपिस्ट' करणारे खूप झालेत (भिंतीवर लावायला बरं दिसतं एवढंच). एमए झालं म्हणून 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटीही लावता येत नाही, त्याला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता असलेलं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन लागतं. त्यापेक्षा शक्य असेल तर स्वतः क्लायंट म्हणून कुणाकडे तरी जाऊन ये, त्या खुर्चीत बसल्यावर सल्ले किती टोचतात ते लगेच कळतं.

बीएड वाईट नाही, शाळेत काउन्सेलर व्हायचं असेल तर पुढे उपयोगीच पडेल. पण एका सेशननंतर रडू आलं म्हणून बीएड, हे कारण मला पटत नाही. प्रॅक्टिकम संपू दे, मग बाबांशी बोल.