माशांच्या भ्रूणांवर रसायनांची चाचणी कशी घेतात? भ्रूण मेले नाहीत म्हणजे पाणी निर्धोक समजायचं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: दूषित पाण्यातल्या रसायनांचा माशांच्या भ्रूणांवर होणारा परिणाम कसा तपासतात, आणि चाचणीत एकही भ्रूण मेला नाही तर पाणी निर्धोक मानायचं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही, मानू नका. मी काही वर्षं याच चाचण्या केल्या आहेत आणि सगळ्यात जास्त घोळ याच मुद्द्यावर होताना पाहिला आहे.

चाचणीसाठी बहुतेक ठिकाणी झेब्राफिश वापरतात. त्याचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, आईच्या शरीराबाहेर वाढणारं आणि काचेसारखं आरपार दिसणारं. संध्याकाळी नर-मादी एका टाकीत सोडायचे आणि तळाशी जाळी लावायची, कारण आईबापच अंडी गिळून टाकतात. सकाळी दिवे लागले की थोड्या वेळात जाळीखाली अंडी जमलेली असतात. त्यातली फलित झालेली वेचून लगेच रसायनाच्या द्रावणात टाकायची. उशीर झाला तर वाढीचे पहिले टप्पे हातचे जातात.

यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २३६ क्रमांकाची प्रमाण पद्धत २०१३ पासून आहे. २४ खणांच्या प्लेटमध्ये एका खणात एकच अंडं, रसायनाच्या पाच चढत्या तीव्रता, प्रत्येकीसाठी २० अंडी, तापमान २६ अंश सेल्सिअसच्या आसपास, मुदत ९६ तास. रोज मायक्रोस्कोपखाली चार गोष्टी बघायच्या: अंडं गोठून पांढरं पडलं का, पाठीलगतचे स्नायूंचे खंड तयार झाले का, शेपूट बलकापासून सुटली का, आणि दुसऱ्या दिवसापासून हृदय धडधडतं का. यातलं काहीही बिघडलेलं दिसलं की तो भ्रूण मेला असं धरतात. या मोजणीवरून निम्मे भ्रूण मरतील ती तीव्रता काढतात. तिलाच एलसी५० म्हणतात.

पण ही चाचणी मृत्यू मोजते. बाकी जे दिसतं ते या चार खुणांत बसत नाही.

दुसऱ्या दिवशीचा एक निरोगी भ्रूण भिंगाखाली घेतला, तर डोळ्याच्या खाली, बलकाला लागून, हृदयाची बारीकशी नळी दिसते. ठोका पडला की लाल पेशी रांगेने पुढे सरकतात. कच्च्या तेलातल्या, रेणूत तीन कड्या असलेल्या ‘अॅरोमॅटिक’ हायड्रोकार्बनांमध्ये, उदाहरणार्थ फेनँथ्रीनमध्ये, वाढलेला भ्रूण शेजारी ठेवा. हृदयाभोवतीची पिशवी पाण्याने फुगलेली, आत हृदय दोरीसारखं ताणलेलं, ठोके मंद आणि अडखळत पडणारे. पण ठोका आहे, म्हणून तक्त्यात याची नोंद ‘जिवंत’. पहिल्यांदा अशी नोंद करताना माझा हात अडला होता.

अशा जिवंतांचं पुढे काय होतं, याचा धडा तेलगळतीने दिला आहे. मार्च १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तेल सांडलं. त्यानंतरच्या प्रयोगांत पिंक सॅमन (सॅल्मन) माशाची अंडी तेलाच्या अगदी थोड्या अंशात वाढवली आणि बाहेरून धडधाकट दिसणारी पिल्लं खूण करून समुद्रात सोडली. मोठी होऊन परत आलेल्यांचं प्रमाण स्वच्छ पाण्यात वाढलेल्या पिल्लांपेक्षा कमी भरलं.

आता माझ्याच हातून झालेली चूक सांगतो, कारण अहवाल वाचताना ती उपयोगी पडेल. तेलात विरघळणाऱ्या, पाण्याशी न जमणाऱ्या एका रसायनाची चाचणी घेतली आणि सगळे भ्रूण ठणठणीत निघाले. आम्ही खूश. नंतर खणातलं पाणी तपासलं तर रसायन जवळपास नाहीसं झालेलं. ते प्लास्टिकच्या भिंतींना चिकटून बसलं होतं आणि भ्रूण साध्या पाण्यात वाढले होते. तेव्हापासून प्लेट आदल्या दिवशी त्याच द्रावणाने भरून ठेवायची, द्रावण रोज बदलायचं आणि पाण्यातली तीव्रता खरोखर मोजायची, हे मी कधी चुकवलं नाही. अंड्याचं कवचही अशीच फसवणूक करतं. मोठे रेणू त्यातून आत जात नाहीत, त्यामुळे पिल्लू बाहेर येईपर्यंत त्यांचा परिणाम झाकलेला राहतो.

तुमच्या हातात एखादा अहवाल असेल तर आधी कंट्रोलचा रकाना बघा. साध्या पाण्यातले किमान ९० टक्के भ्रूण जगले नसतील तर पुढचे आकडे वाचूच नका. तसंच ३,४-डायक्लोरोअॅनिलीनच्या, म्हणजे मुद्दाम घातलेल्या विषाच्या, रकान्यात किमान ३० टक्के मेलेले हवेत. नाहीतर त्या अंड्यांना काहीच बाधत नव्हतं असं होईल. मग तीव्रता मोजलेली आहे की नुसती हिशेबाने लिहिली आहे, ते शोधा. त्यानंतर हृदयाची सूज, वाकडा कणा, उशिरा फुटलेली अंडी यांची वेगळी नोंद आहे का ते पाहा.

ती नसेल, तर पाचव्या दिवशीच्या पिल्लांबद्दल प्रयोगशाळेला जरूर विचारा. तोवर त्यांचा वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तरंगतं ठेवणारी पिशवी, हवेने भरलेला असायला हवा. तो भरला नाही तर पिल्लू तळाशी पडून राहतं, शेपूट हलवत राहतं, पण खाण्यापर्यंत पोहोचत नाही.