ब्रॉडबँड वेगवान, तरी फायली का रेंगाळतात?

प्रश्न : आमच्या छापखान्यात ३०० एमबीपीएसची (सेकंदाला ३०० मेगाबिट वेगाची) व्यावसायिक ब्रॉडबँड जोडणी घेतली, तरीही एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठ्या फायली पाठवण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. असे का?

उत्तर : कार्यालयातल्या कार्यालयात पाठवलेली फाइल इंटरनेटवर जातच नाही, ती केबल आणि स्विच (संगणकांना केबलने एकमेकांशी जोडणारी पेटी) यांतूनच फिरते; त्यामुळे ब्रॉडबँडवर अधिक खर्च करून येथे काहीही साधत नाही. आपला स्विच १०० एमबीपीएसचा असेल, तर सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट जातील, कारण ८ बिट मिळून १ बाइट होतो. गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) स्विच जरूर बसवावा, परंतु त्याआधी केबल तपासावी, कारण गिगाबिटला तिच्यातील तारांच्या चारही जोड्या लागतात आणि त्यांपैकी एखादी तार तुटलेली असल्यास जोडणी बहुधा कोणतीही सूचना न देता १०० वर उतरते.