बुरशी आलेला मका उकळून डुकरांना घातला तर चालेल का?

नाही, अजिबात घालू नका. उकळल्यावर बुरशी मरते, पण तिने दाण्यात सोडलेलं विष तसंच राहतं.

तुम्ही लिहिलंय की कोरेगावात पावसात भिजलेला मका घालताय आणि तीन-चार महिन्यांच्या माद्यांची निरण (योनीचा बाहेरचा भाग) लाल होऊन सुजलीय, माजावर आल्यासारखी. या वयात खरा माज येत नसतो. हे बहुतेक झिअरालेनोन आहे. फ्युजेरियम बुरशीचं हे विष अंगात गेलं की मादीच्या संप्रेरकासारखं काम करतं. सड फुगतात, जास्त झालं तर अंगही बाहेर येतं. मका आजच थांबवा, सूज हळूहळू उतरेल. गाभण माद्या तर आधी वेगळ्या खाद्यावर घ्या. तरीही डॉक्टरांना एकदा दाखवाच.

डुकरं खाद्य हुंगून सोडत असतील किंवा ओकत असतील, तर त्याच फ्युजेरियम बुरशीचं दुसरं विष, व्होमिटॉक्सिनही असू शकतं.

दुकानात बेंटोनाइट मातीचा टॉक्सिन बाइंडर, म्हणजे खाद्यातलं विष धरून ठेवणारा पदार्थ, मिळेल. तो अफ्लाटॉक्सिन (दुसऱ्या एका बुरशीचं विष) चांगलं धरतो, झिअरालेनोनला मात्र फारसा नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर हा मका संपवू नका. आणि कृपा करून हा मका दुभत्या म्हशीपुढेही टाकू नका, अफ्लाटॉक्सिन असलं तर दुधात उतरतं.

तपासणीसाठी एकाच पोत्यातली मूठ नेऊ नका. विष सगळीकडे सारखं नसतं. प्रत्येक पोत्यातून, तळातूनही थोडं घ्या, एकत्र कालवा आणि कागदी पिशवीत भरा. नमुना कुठे द्यायचा ते शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.