दुबई, सिंगापूर बघा की, जिथं धंद्याला मोकळीक, तिथं माणसालाही मोकळीक असतेच ना?

नाही ओ, असतेच असं नाही. तुम्ही दुबई-सिंगापूरचं नाव घेतलंय म्हणून सांगतो, माझा आत्तेभाऊ अकरा वर्षं दुबईत आहे, पगारावर इन्कम टॅक्स शून्य, सगळं झकास. पण तिथं असताना फॅमिली ग्रुपवर राजकारणाचा एक मेसेज टाकत नाही, नुसता अंगठा दाखवतो, आणि सुट्टीवर कोल्हापूरला आला की रंकाळ्यावर भेळ खात रात्री अकरापर्यंत सगळ्या पक्षांची धुलाई करतो 😄 तिकडं युनियन नाही, संप नाही, आणि नोकरी गेली की पाठोपाठ व्हिसाचं टेन्शन.

सिंगापूर तसंच. कंपनी काढायला सोपं, लाच जवळपास नाहीच, पण एकट्यानं बोर्ड धरून निषेध करायचा म्हटलं तरी परमिट लागतं.

हाँगकाँगचं बघा. लै वर्षं आर्थिक स्वातंत्र्याच्या यादीत पहिला नंबर. २०२० ला चीननं सुरक्षा कायदा आणला आणि पुढच्याच वर्षी ॲपल डेली नावाच्या, सरकारवर टीका करणाऱ्या पेपरच्या कंपनीची बँक खाती गोठवली, पगार द्यायला पैसे हातात राहीनात आणि जूनमध्ये पेपर बंद. म्हणजे बोलायची मोकळीक गेली तशी धंद्याचीपण गेलीच की.

आणि मोकळीक असली तरी ती सगळ्यांना सारखी असतेच असं नाही. स्वित्झर्लंड आज दोन्ही बाबतीत वरच्या नंबरात असतो, पण तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत १९७१ ला मिळालं (आपल्याकडं पहिल्याच निवडणुकीपासून होतं!), आणि १९८८ पर्यंत नवरा बायकोला नोकरी करू नको म्हणू शकायचा, कायद्यानं.

आपलं उलटं होतं, १९९१ च्या आधी लायसन्स राज, म्हणजे धंदा काढायला-वाढवायला सरकारचा परवाना लागायचा. वडील उद्यमनगरात लेथवर होते, स्कूटर बुक करून सात वर्षं वाट बघितली. आणीबाणी सोडली तर सरकारला शिव्या घालायची मोकळीक होती, स्कूटर मिळायची नाही.

आणि कायद्यानं मोकळीक असली म्हणून भागत नाही, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं, दुकान होतं, चहा होता, पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून गिऱ्हाईकच येईना. मग शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, सोबतच्या बड्या लोकांनापण पाजायचे, आता महाराजांसमोर नको कोण म्हणणार!

बाकी आमच्या आत्तेभावानं कळंब्याला प्लॉट घेतलाय. टॅक्स भरीन म्हणतो, पण रिटायर इथंच होणार.