पाचवीत नापास झाला, आता क्लास लावायचा का?

"मॅडम, क्लास लावला नाही म्हणून पोरगं नापास झालं का?" निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात आणि उत्तर त्यांनी मनाशी आधीच ठरवलेलं असतं: आपले पैसे कमी पडले, म्हणजे चूक आपलीच.

अशाच एका ताईंची ही हकीकत, ओळखीच्या खुणा बदलून. राहायला पर्वती पायथ्याला, सहकारनगरात चार घरी पोळ्या करतात. नवरा मार्केट यार्डात हमाल. मुलगा महापालिकेच्या शाळेत पाचवीला. गणितात ५० पैकी १८ हवे होते, तेवढे पडले नाहीत. शेजारणीने क्लास सुचवला आणि त्या फीसाठी ताई संध्याकाळचं पाचवं काम धरायच्या बेतात होत्या. म्हणजे मुलगा घरी असणार तेव्हा नेमकी आई घरात नसणार.

मुलाला मी ५०० मधून ३६५ वजा करायला दिले. कागदावर उत्तर आलं २६५. मग तोंडी विचारलं, "३६५ रुपयांची भाजी घेतली, पाचशेची नोट दिली. परत किती देशील?" "एकशे पस्तीस," तो पटकन म्हणाला. आत्याच्या भाजीच्या गाडीवर बसतो ना! कागदावर मात्र शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून तो सरळ पाचातून शून्य काढत होता. हातच्याची वजाबाकी दुसरी-तिसरीतच निसटलेली. पाचवीच्या क्लासात त्याच्यापुढे अपूर्णांक आले असते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

ताईंना मी म्हटलं, जादा शिकवणी मागायची ती आधी शाळेकडे. पुण्यात आरटीई म्हटलं की पालकांना खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांची सोडत तेवढी आठवते. पण २००९ च्या या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरज असेल तिथे जादा शिकवायचं, हे त्यातलंच एक. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. त्यात नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची, असं कायदाच सांगतो. तिच्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं, पण आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडे निकाल मेच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे हे दोन महिने बरेचसे सुट्टीतच जातात. शाळेला कुलूप, अर्धी वस्ती गावाला. शिकवायचं कोणी आणि कधी, याचा तास कायद्याने कुठे आखून दिलेला नाही. त्यामुळे जो पालक विचारतो त्याच्या मुलाला काहीतरी मिळतं. हे मला पटत नाही, पण सध्या चालतं ते असं.

ताईंना धास्ती होती. "तक्रार केली तर पोरावर राग धरतील." मी म्हटलं, तक्रार करूच नका, अर्ज द्या. आम्ही मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळी लिहिल्या: मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, पुनर्परीक्षेआधी जादा मार्गदर्शन कोण, कधी देणार ते कळवावे. दोन प्रती, एकीवर पोच. नुसतं "गणित कच्चं आहे" असं लिहिलं की उत्तर "सराव घ्या" असंच येतं. काय येत नाही ते नेमकं लिहिलं की बाईंनाही सोपं जातं.

वर्गशिक्षिका भल्या निघाल्या. सुट्टीत काही सकाळी त्यांनी मुलाला शाळेत बोलावलं, एरवी फोनवर उदाहरणं पाठवली. घरी मी खेळातल्या नोटा वापरायला सांगितल्या. पाचशेची मोड करायची, त्यातल्या एका शंभराची पुन्हा दहा-दहात मोड करायची, आणि प्रत्येक वेळी तेच वहीत मांडायचं. नववीतली चुलत बहीण रोज शेजारी बसायची. पाचवं काम ताईंनी धरलं नाही, मुलाचं गावही यंदा आठवड्यावर आटोपलं. त्यावर तो बराच रुसला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पुनर्परीक्षेत गणित सुटलं. शाब्दिक उदाहरणं वाचताना तो अजून अडखळतो, तेव्हा सहावीतही मदत लागणार. कलम २४ फक्त नापास मुलांसाठी नाही, म्हणून जूनमध्ये ताईंनी दुसरा अर्ज दिला, या वेळी वाचनासाठी.

काही पालक सांगतात, शाळेतले सरच म्हणतात, "माझ्याकडे घरी पाठवा, फी बघू." कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. सरांशी वाद घालू नका, "शाळेतच थोडा वेळ द्याल का?" एवढंच विचारा. तरीही जमलं नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिच्यात कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मागणी तोंडी ठेवू नका, बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.