वाचकांचे प्रश्न : शिंदे, सिंधिया आणि यादीतले जुळे

प्रश्न : आमच्या मंडळाची सभासद-यादी इंग्रजी अक्षरांत आहे. एकच माणूस दोन स्पेलिंगांनी दोनदा नोंदलाय. संगणकाने जुळे शोधायला साउंडेक्स बरे की लेवेनश्टाइन?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ग्वाल्हेरकरांनी विचारावा असाच प्रश्न! शिंदे (Shinde) आणि सिंधिया (Scindia) घ्या. साउंडेक्स (पेटंट १९१८चे) ही उच्चारावरून नावाला कोड देणारी पद्धत. ती पहिले अक्षर ठेवते, स्वर, एच, डब्ल्यू आणि वाय गाळते, उरलेल्या व्यंजनांना आकडे देते, आणि एस-सीसारखी एकाच आकड्याची लागून आलेली अक्षरे एकच धरते. दोघांचाही कोड एस-५३०. लेवेनश्टाइन (१९६५) मात्र एका नावाचे दुसरे करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतील ते मोजते, आणि इथे असे बदल तीन भरतात. सहा-सात अक्षरांत तीन म्हणजे माणूसच वेगळा वाटावा.

पण साउंडेक्सवर भाळू नका. कोडात तीनच आकडे, म्हणून केळकर आणि कुलकर्णी दोघेही के-४२६. वार्षिक सभेत हे खपणार आहे का? शिवाय पहिले अक्षर हलत नाही, त्यामुळे पीएचचे फडके आणि एफचे फडके कायमचे विभक्त. लेवेनश्टाइन त्यांना दोनच पावलांवर ठेवते. पण काळे आणि काणे एकाच पावलावर, हीही त्याचीच करणी.

मी असा क्रम लावेन : आधी पीएचचे एफ, डब्ल्यूचे व्ही करून घ्या. मग साउंडेक्सने गट पाडा, गटातल्या गटात लेवेनश्टाइन लावा. उरलेल्या जोड्या पत्ता आणि फोन बघून हातानेच निवडा. आपोआप एकत्र करणारे बटण दाबू नका. बाप-लेकांची वर्गणी एकाच्याच नावावर चढेल.

यादी देवनागरीत असती तरी ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ यांत दोन बदल निघतातच, तेव्हा अनुस्वार आधी एकसारखे करा.